मॉसफेट बदलण्याआधी: १३.५६ मेगाहर्ट्झवर ५०० वॅटचा ॲम्प्लिफायर

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत लहान प्लाझ्मा कक्षासाठी १३.५६ मेगाहर्ट्झवर चालणारा पुश-पुल (दोन मॉसफेट ट्रान्झिस्टर आलटून-पालटून चालवणारा) ॲम्प्लिफायर तयार केला आहे. तो ४८ व्होल्टवर १४ अँपिअर घेतो आणि ५० ओहमच्या डमी लोडमध्ये (शक्ती नुसती उष्णतेत घालवणाऱ्या चाचणीच्या रोधात) ३०० वॅट देतो. आउटपुट ट्रान्सफॉर्मर फेराइटवर गुंडाळलेला असून त्याच्या वेढ्यांचे प्रमाण एकास तीन आहे. हीटसिंकला हात लावता येत नाही, प्लाझ्मा पेटताना मॉसफेटची जोडी दोनदा गेली आहे, आणि आता ५०० वॅट हवे आहेत. तेव्हा यापेक्षा चांगला मॉसफेट कोणता घ्यावा, असे प्रश्नकर्त्यांनी विचारले आहे.

मॉसफेट तूर्त आहे तोच राहू द्या. ४८ व्होल्ट गुणिले १४ अँपिअर म्हणजे ६७२ वॅट आत जातात आणि ३०० बाहेर येतात, म्हणजे कार्यक्षमता ४५ टक्क्यांच्या किंचित आत. आता ट्रान्सफॉर्मरकडे पाहा. एकास तीन वेढे म्हणजे रोधाचे प्रमाण एकास नऊ, म्हणून ५० ओहमचा लोड दोन ड्रेनच्या (मॉसफेटच्या आउटपुटच्या टोकांच्या) मध्ये सुमारे ५.६ ओहम होऊन दिसतो. एवढ्या लोडमध्ये ३०० वॅट टाकायला प्रत्येक ड्रेनचे व्होल्टेज सुमारे २९ व्होल्ट खालीवर झाले की पुरते. पुरवठा मात्र ४८ व्होल्टचा आहे. उरलेले १९ व्होल्ट मॉसफेटच्या अंगावर तसेच उभे राहतात आणि पूर्ण करंट त्यांच्यातूनच वाहतो. बी वर्गाची (ज्यात प्रत्येक मॉसफेट अर्धे आवर्तन चालतो) ७८.५ टक्के ही पुस्तकी कमाल कार्यक्षमता ड्रेन पार शून्यापर्यंत खाली आला तरच मिळते. तो जितका कमी उतरेल त्याच प्रमाणात ती घटते: ७८.५ गुणिले २९ भागिले ४८ म्हणजे ४७ टक्के. आपले मोजमाप त्या मर्यादेच्या अगदी जवळ आहे. मॉसफेट त्याला दिलेल्या परिस्थितीत उत्तम काम करतो आहे, परिस्थितीच चुकीची दिलेली आहे.

त्याच मॉसफेटवर, त्याच ४८ व्होल्टवर, ट्रान्सफॉर्मर एकास दोन वेढ्यांचा केला तर ड्रेनमधला लोड १२.५ ओहम होईल, ३०० वॅटसाठी ड्रेनला सुमारे ४३ व्होल्ट हलावे लागेल, आणि पुस्तकी मर्यादा ७० टक्क्यांवर जाईल. प्रत्यक्षात ६० ते ६५ मिळाले तरी हीटसिंकवरचा भार ३७० वॅटवरून २०० वॅटवर किंवा त्याखाली येतो, तोही एका संध्याकाळच्या कामात. मात्र या जोडणीत ३०० वॅटच्या पुढे फारशी जागा उरत नाही, कारण ड्रेन तळाला टेकलेला असतो. म्हणून ५०० वॅटसाठी वेगळा विचार करावा लागेल.

कार्यक्षमतेचा सगळा खेळ एवढाच आहे की मॉसफेटवर ज्या क्षणी व्होल्टेज असेल त्या क्षणी करंट नसावा आणि करंट असेल तेव्हा व्होल्टेज नसावे. ए, बी, सी, डी, ई, एफ हे वर्ग म्हणजे ही अट पाळण्याचे निरनिराळे मार्ग आहेत. १३.५६ मेगाहर्ट्झवर, एकाच वारंवारतेवर, बोलण्याचा किंवा संगीताचा सिग्नल नसताना, मी ई वर्ग निवडतो. १९७५ साली नेथन सोकल आणि ॲलन सोकल यांनी तो मांडला. हे दोघे पितापुत्र होते, आणि यातले ॲलन म्हणजे पुढे १९९६ मध्ये एका मानव्यविद्येच्या नियतकालिकाला मुद्दाम रचलेला निरर्थक लेख छापायला लावणारे भौतिकशास्त्रज्ञ. ई वर्गात मॉसफेट हा निव्वळ खटका असतो. ड्रेनपुढचे जाळे असे बेतलेले असते की खटका बंद झाल्यावर ड्रेनचे व्होल्टेज वर चढून, पुन्हा खाली येऊन, खटका लागायच्या नेमक्या क्षणी आपोआप शून्यावर पोचते, आणि त्या वेळी त्याचा उतारही शून्य असतो. त्यामुळे ड्रेनच्या कपॅसिटरमध्ये साठलेली ऊर्जा मॉसफेटमध्ये जळत नाही.

आदर्श ई वर्गाची चार सूत्रे लक्षात ठेवावीत. शक्ती म्हणजे ०.५७७ गुणिले पुरवठा व्होल्टेजचा वर्ग भागिले लोडचा रोध. ड्रेनचे शिखर व्होल्टेज पुरवठ्याच्या ३.५६ पट. करंटचे शिखर सरासरीच्या २.८६ पट. आणि ड्रेनला समांतर लागणाऱ्या कपॅसिटरची वाहकता (त्याच्या प्रतिबाधेचा व्यस्त) गुणिले लोडचा रोध ०.१८४. या कपॅसिटरमध्ये मॉसफेटची स्वतःची आउटपुट कपॅसिटन्सही धरलेली आहे, आणि नवशिक्यांची गाडी बहुतेक वेळा इथेच घसरते.

आपल्या ५०० वॅटसाठी ही सूत्रे चालवून पाहू. पुरवठा १०० व्होल्ट घेतला तर लोड ११.५ ओहम येतो, शिखर ३५६ व्होल्ट, आणि समांतर कपॅसिटर जेमतेम १८७ पिकोफॅरड. ५०० व्होल्टच्या बऱ्याच मॉसफेटची आउटपुट कपॅसिटन्स एकटीच याहून मोठी असते, म्हणजे जाळे जुळणारच नाही. पुरवठा ७५ व्होल्टवर आणला की लोड ६.५ ओहम, शिखर २६७ व्होल्ट आणि कपॅसिटर ३३२ पिकोफॅरड होतो. आता मॉसफेटला जागा मिळाली, पण दुसरी बाजू बिघडली. चालू अवस्थेतल्या रोधामुळे होणारा तोटा साधारण १.३६५ गुणिले त्या रोधाचे लोडशी गुणोत्तर एवढा असतो. माहितीपत्रकात ०.४ ओहम लिहिलेले असते ते २५ अंशांवरचे, आणि तापलेल्या उच्चदाब सिलिकॉन मॉसफेटमध्ये ते सहज दुप्पट होते. ०.८ ओहम धरले तर ७५ व्होल्टच्या रचनेत आउटपुटच्या १७ टक्के, म्हणजे ८० वॅटहून जास्त, एकट्या या रोधात जातात, तर १०० व्होल्टच्या रचनेत साडेनऊ टक्के. म्हणजे रोधाला जास्त व्होल्टेज हवे असते आणि कपॅसिटन्सला कमी. मॉसफेटची निवड म्हणजे या दोघांमधला समझोता आहे, आणि ‘सर्वांत कमी रोधाचा मॉसफेट घ्या’ हा दुकानात मिळणारा सल्ला निम्माच खरा आहे, कारण रोध कमी करायला चिपचे क्षेत्रफळ वाढवतात आणि त्याबरोबर कपॅसिटन्सही वाढते.

येथे एक इशारा. प्रसारणासाठी मिळणारे ५० व्होल्टचे एलडीमॉस ट्रान्झिस्टर फार दणकट असतात, आणि त्यातले काही एकटेच किलोवॅटभर देतात. त्यांची ड्रेनची सहनक्षमता मात्र १३० व्होल्टच्या आसपास असते. ५० व्होल्टवर ई वर्ग चालवला तर शिखर १७८ व्होल्टवर जाईल. अशा ट्रान्झिस्टरला ३० व्होल्टच्या आसपासच ई वर्गात चालवता येते, किंवा मग बी वर्गात, योग्य ट्रान्सफॉर्मरसह, पूर्ण ५० व्होल्टवर. आपल्या प्रयोगशाळेत कार्यक्षमतेपेक्षा चिवटपणा महत्त्वाचा असेल तर दुसरा पर्याय हलका समजू नका. ७० टक्के कार्यक्षमतेचा आणि वर्षभर न मरणारा ॲम्प्लिफायर मला ९० टक्क्यांच्या पण दर महिन्याला मरणाऱ्या ॲम्प्लिफायरपेक्षा केव्हाही प्रिय आहे.

गेटचा, म्हणजे मॉसफेट चालूबंद करणाऱ्या टोकाचा, विषय स्वतंत्र आहे. वीजपुरवठ्यांसाठी बनवलेल्या तीन पायांच्या मोठ्या ५०० व्होल्टच्या मॉसफेटचा गेट भरायला सुमारे २०० नॅनोकूलोम लागतात. १२ व्होल्टने सेकंदाला १ कोटी ३५ लाख वेळा तो भरायचा आणि रिकामा करायचा म्हणजे ३२ वॅट नुसते गेटमध्ये. पूर्ण आवर्तन ७४ नॅनोसेकंदांचे असल्यामुळे हे काम सात नॅनोसेकंदांत व्हायला हवे, आणि त्यासाठी २८ अँपिअरचा गेट करंट लागतो. ई वर्गात ड्रेन शून्यावर असताना खटका लागतो, त्यामुळे ड्रेन-गेट कपॅसिटन्सचा वाटा बराच वाचतो आणि हे आकडे काहीसे उतरतात. तरी ते सुखाचे नाहीत. त्यातच सोर्सच्या पायाचे इंडक्टन्स. ७५ व्होल्टच्या रचनेत खटका बंद होताना त्यातून सरासरीच्या दुप्पट, म्हणजे १३ अँपिअर वाहत असतात. दहा नॅनोहेन्रीच्या पायातून हा करंट सात नॅनोसेकंदांत तोडायचा म्हटले तर पायावरच जवळपास १९ व्होल्ट उभे राहतात, आणि ते गेटच्या व्होल्टेजला विरोध करतात. अर्थात प्रत्यक्षात १९ व्होल्ट दिसत नाहीत. मॉसफेट हळू बंद होतो, एवढेच, आणि त्या हळूपणाचे बिल हीटसिंक भरतो. म्हणून या वारंवारतेवर सपाट पट्ट्यांचे पाय असलेले, धातूच्या गेटचे रेडिओ-वारंवारतेचे मॉसफेट घ्यावेत. ते महाग आहेत, पण जळालेल्या स्वस्त मॉसफेटची बेरीज केली की महाग वाटत नाहीत.

गॅलियम नायट्राइडचे ६५० व्होल्टचे ट्रान्झिस्टर हे सगळे गणितच बदलतात. त्यांना गेटसाठी दहा नॅनोकूलोमपेक्षाही कमी लागतात, म्हणजे गेटची शक्ती एका वॅटच्या आत, आणि तापल्यावरही रोध ०.१५ ओहमच्या आत ठेवणे शक्य होते. मात्र यांतल्या बऱ्याच प्रकारांचा गेट सात व्होल्टच्या पुढे काही सहन करत नाही, आणि चिप नखाएवढी असल्याने उष्णता बाहेर काढायला तांब्याचा नीट विचार करावा लागतो. चार थरांचा बोर्ड स्वतः आखण्याची सवय असेल तरच या वाटेने जा. शिवाय आउटपुट कपॅसिटन्स भरताना आणि रिकामी होताना काही ऊर्जा तिच्यातच हरवते, हा तोटा माहितीपत्रकात सहसा छापलेला नसतो, आणि सुपरजंक्शन प्रकारच्या सिलिकॉन मॉसफेटमध्ये तो मेगाहर्ट्झमध्ये एवढा वाढतो की ई वर्ग अचूक जुळवूनही मॉसफेट गरम का, हे कोडे सुटत नाही. सुपरजंक्शन मॉसफेट या कामासाठी मी वापरत नाही.

आता कॉइल आणि कपॅसिटर. मालिकेतल्या जाळ्याचा भारित क्यू (साठलेल्या आणि खर्च होणाऱ्या ऊर्जेचे गुणोत्तर दाखवणारा आकडा) पाच धरला तर ६.५ ओहमच्या रचनेत कॉइलची प्रतिबाधा ३२.५ ओहम, म्हणजे ०.३८ मायक्रोहेन्री येते. क्यू अनंत नसल्यामुळे शक्ती आदर्श सूत्रापेक्षा सुमारे १० टक्क्यांनी कमी भरते, म्हणून लोड तेवढाच खाली, सहा ओहमच्या किंचित आत घ्यावा. कॉइलचा स्वतःचा क्यू २०० असेल तर पाच भागिले दोनशे, म्हणजे अडीच टक्के शक्ती तिच्यात जाते: साडेबारा वॅट. एवढ्या उष्णतेने वार्निशची तार काळी पडते. या वारंवारतेवर तांब्यातला करंट वरच्या अवघ्या १८ मायक्रोमीटरमध्ये वाहतो, म्हणून भरीव तारेचा उपयोग नाही. फ्रिज दुरुस्तीवाल्याकडे मिळणारी सहा मिलिमीटरची तांब्याची नळी घ्या आणि वेढ्यांमध्ये नळीच्या जाडीएवढी मोकळी जागा सोडा. चांदीच्या मुलाम्याने रोध सुमारे तीन टक्क्यांनीच घटतो. तो दिसायला छान असतो. कॉइल डब्याच्या पत्र्यापासून निदान तिच्या व्यासाइतकी दूर ठेवा, नाहीतर क्यू २०० वरून ८० वर कधी आला ते कळतही नाही.

६.५ ओहम ५० पर्यंत न्यायला एल आकाराचे साधे जाळे पुरते: मालिकेत ०.२ मायक्रोहेन्री, जी वरच्याच कॉइलमध्ये मिळवून टाकता येते, आणि ५० ओहमच्या बाजूला समांतर सुमारे ६०० पिकोफॅरड. फेराइटचा ट्रान्सफॉर्मर इथे लागतच नाही, आणि एकाच वारंवारतेसाठी तो ठेवण्यात अर्थही नाही. या ६०० पिकोफॅरडवर शिखर व्होल्टेज अवघे २२४ असते, त्यामुळे मीही माझ्या सुरुवातीच्या दिवसांत एक किलोव्होल्टचा निळा चकती कपॅसिटर लावून निश्चिंत झालो होतो. त्यातून वाहणारा करंट आठ अँपिअरपेक्षा जास्त आहे, हे गणित मी केले नव्हते. चाळीसेक सेकंदांनी आउटपुट हळूहळू घसरू लागले, मी ट्यूनिंग फिरवत राहिलो, आणि मग टिक असा आवाज होऊन तो कपॅसिटर, पायांवरचे शिसे वितळल्याने, बोर्डावरून निसटून टेबलावर पडला. तुटला नव्हता, थंड झाल्यावर मीटरवर तो व्यवस्थित ५९० दाखवत होता. तेव्हापासून मी कपॅसिटर निवडताना व्होल्टेज नंतर आणि करंट आधी पाहतो. शून्य तापगुणांकाचे, १०० पिकोफॅरडचे सहा रेडिओ-वारंवारतेचे कपॅसिटर रुंद तांब्याच्या पट्टीवर समांतर लावले की करंट वाटला जातो.

प्लाझ्मा पेटताना मॉसफेट का जातात, याकडे आता येतो, कारण डमी लोडवर मिळालेले आकडे तुमच्या कक्षाला ठाऊक नसतात. पेटण्याआधी कक्ष हा जवळजवळ निव्वळ कपॅसिटर असतो आणि सगळी शक्ती परत फिरते. पेटल्यावर काही मायक्रोसेकंदांत लोड पार बदलतो. मॅचिंग बॉक्सच्या (कक्षाचा लोड ५० ओहमशी जुळवणाऱ्या डब्याच्या) मोटरला मात्र जागेवरून हलायलाच त्याच्या हजारो पट वेळ लागतो. मधल्या काळात ॲम्प्लिफायरला जो लोड दिसतो तो केबलच्या लांबीवर ठरतो. साध्या पॉलिइथिलीनच्या केबलमध्ये लाटेचा वेग प्रकाशाच्या ६६ टक्के असतो, त्यामुळे १३.५६ मेगाहर्ट्झवर पाव तरंगलांबी ३.६५ मीटर येते. म्हणजे केबल साडेतीन मीटरने बदलली की उघडे टोक जवळजवळ शॉर्टसारखे दिसू लागते. ई वर्गाला इंडक्टिव्ह बाजूला झुकलेला लोड सोसतो: ड्रेन जरा लवकर शून्यावर येतो, अंगचा डायोड वाहतो, एवढेच. कपॅसिटिव्ह बाजूला मात्र खटका लागताना ड्रेनवर व्होल्टेज शिल्लक असते, आणि ३३२ पिकोफॅरडवर २०० व्होल्ट शिल्लक राहिले तर सतत ९० वॅट चिपमध्ये ओतले जातात. म्हणून प्लाझ्मा न पेटलेल्या स्थितीत केबलच्या ॲम्प्लिफायरकडील टोकाला प्रतिबाधा मोजा आणि ती इंडक्टिव्ह बाजूला येईल अशी केबलची लांबी ठरवा. एका यंत्रावर मी सव्वा मीटर केबल वाढवण्यापलीकडे काहीही केले नव्हते आणि मॉसफेट जाणे थांबले होते. हे सांगितल्यावर समोरच्या माणसाचा विश्वास बसला नव्हता, हेही नोंदवून ठेवतो.

दुसरे कारण पुरवठ्यात असते. ड्रेनच्या पुरवठ्यावर ४७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ७५ व्होल्टवर भरलेला असेल तर त्यात १३ जूल असतात, आणि कोणताही फ्यूज वितळण्याआधी ते मॉसफेटमध्ये पोचतात. करंटमर्यादा असलेला स्विचिंग पुरवठा वापरा आणि त्यानंतर फक्त रेडिओ-वारंवारतेला पुरतील एवढेच छोटे कपॅसिटर ठेवा. परावर्तित शक्ती मोजणारा कपलर लावा, पण त्याने गेटचा सिग्नल थेट, मायक्रोसेकंदांत तोडला पाहिजे. मायक्रोकंट्रोलरच्या मुख्य फेऱ्यातून जाणारे संरक्षण उशिरा येते. शक्ती कमीजास्त करायची असेल तर ती ड्रेनच्या व्होल्टेजने करा, गेटने नाही, कारण ई वर्गात शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते आणि कार्यक्षमता टिकते. फार खालच्या व्होल्टेजवर मॉसफेटची कपॅसिटन्स वाढते आणि जुळणी थोडी सुटते. २० व्होल्टच्या खाली चांगल्या लाटेची अपेक्षा करू नका.

मोजमापाबद्दल एक गोष्ट आग्रहाने सांगतो. ८५ आणि ९० टक्क्यांमधला फरक सामान्य वॅटमीटरने कळत नाही, कारण पूर्ण स्केलच्या पाच टक्के चूक ही त्याची मान्य मर्यादाच असते, आणि हार्मोनिक (मूळ वारंवारतेच्या पटींतल्या लाटा) असतील तर तो आणखी फसतो. पाण्याने थंड होणारा डमी लोड असेल तर मिनिटाला एक लिटर पाणी सोडा: ५०० वॅटला पाणी ७.२ अंशांनी तापले पाहिजे. ते नसेल तर ॲम्प्लिफायर चालवून हीटसिंकचे स्थिर तापमान टिपून ठेवा, मग सिग्नल बंद करून त्याच मॉसफेटमधून बॅटरीसारखा डीसी करंट सोडून तेच तापमान येईपर्यंत शक्ती वाढवा. ती डीसी शक्ती म्हणजे मॉसफेटमधला तुमचा तोटा. ही पद्धत खर्चाची नाही आणि खोटे बोलत नाही. ड्रेनची लाट पाहताना प्रोबची लांब काळी क्लिप काढून टाका आणि टोकाजवळचा स्प्रिंग ग्राउंड वापरा. लांब क्लिपने दिसणारी थरथर बहुधा क्लिपचीच असते. लाट खटका लागण्याआधी शून्यापर्यंत पोचत नसेल तर समांतर कपॅसिटर कमी करा किंवा मालिकेतली कॉइल किंचित वाढवा.

डबा बंद करताना हार्मोनिक विसरू नका. १३.५६ ची दुप्पट आणि तिप्पट, म्हणजे २७.१२ आणि ४०.६८, याही औद्योगिक वापराच्याच वारंवारता आहेत, त्यामुळे त्यांच्याबाबत थोडी सवलत मिळते. सातवे हार्मोनिक मात्र ९४.९२ मेगाहर्ट्झवर, थेट एफएम रेडिओच्या पट्ट्यात पडते, आणि आठवे १०८.४८ वर, जिथून विमानांच्या दिशादर्शनाचा पट्टा सुरू झालेला असतो. पत्र्याच्या झाकणाला चार स्क्रू पुरत नाहीत. दर तीन सेंटिमीटरवर एक लावा, आणि पुरवठ्याच्या तारा डब्याच्या भिंतीतल्या फीडथ्रू कपॅसिटरमधूनच आत आणा.

पहिल्यांदा चालू करताना ड्रेनला १५ व्होल्ट द्या, करंटमर्यादा दोन अँपिअरवर ठेवा, डमी लोड लावा आणि लाट जुळवा. मग ३० आणि ५० व्होल्टवर तीच लाट पुन्हा पाहा, आणि प्रत्येक टप्प्यावर पाच मिनिटे थांबून कॉइल, कपॅसिटर आणि मॉसफेट यांतले सर्वांत गरम काय आहे ते पुरवठा बंद करून बोटाने तपासा. ७५ व्होल्टवर तासभर चालल्यानंतरच कक्षाची केबल जोडा.